दिल्लीत एक दिवस : अलीपूर रोड ते फिरोजशहा कोटला

दिल्ली पाहून आलेल्या माणसाला काय काय पाहिले म्हणून विचारले, की लाल किल्ला, कुतुबमिनार, इंडिया गेट ही नावे ठरलेली. सहलीच्या बसवाल्यांची यादीही तीच. अलीपूर रोड त्यांच्या यादीत नसतो आणि आपले लोकही तो मागत नाहीत. आमच्या कर्मचारी संघटनेच्या अधिवेशनाला दिल्लीला जाणे झाले, तेव्हा पत्नीलाही सोबत नेले. अधिवेशनानंतर एक दिवस हाताशी होता आणि गाडी रात्रीची. कारकुनी हिशेब मांडला, बसचा नाद सोडला आणि मेट्रोने फिरायचे ठरवले.

सकाळी नवी दिल्लीहून पिवळ्या लाइनने सिव्हिल लाइन्सला उतरलो. 26, अलीपूर रोड तिथून जवळ आहे. 1951 साली मंत्रिपदाचा राजीनामा दिल्यानंतर बाबासाहेब या पत्त्यावर राहिले. 5 डिसेंबर 1956 च्या रात्री 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद त्यांनी इथेच मागवून घेतले होते. त्याच रात्री झोपेत त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

पत्नीचे आजोबा गिरणी कामगार. 7 डिसेंबरला दादरच्या अंत्ययात्रेत ते होते. "बाबांना शेवटचं पाहिलं, पण ते जिथून गेले ती जागा काही पाहिली नाही," असे ते घरी म्हणत. त्यामुळे पत्नी आली होती ती खास त्या जागेसाठी.

आज तिथे उघडलेल्या पुस्तकाच्या आकाराची भव्य इमारत आहे. ते पुस्तक म्हणजे संविधान. 13 एप्रिल 2018 रोजी या स्मारकाचे उद्घाटन झाले. आत बाबासाहेबांचा जीवनपट, छायाचित्रे, पुतळा आणि ध्यानासाठी जागा. सारे स्वच्छ, टापटीप. पत्नीने सगळे पाहिले आणि विचारले, "अहो, पण बाबासाहेबांची खोली कुठली?"

खोली नाही. घरच उरलेले नाही. बंगला भाड्याचा होता. पुढे मालकी बदलली आणि जुनी वास्तू पाडली गेली. 1967 साली तर घरातील बाबासाहेबांचे कागद अंगणात टाकले गेले आणि त्यांवर पाऊस पडला. हे सांगितले तेव्हा ती काही बोलली नाही. बाजूला बसून तिने हात जोडले, हळू आवाजात त्रिसरण-पंचशील म्हटले. स्मारक झाले याचा आनंद मलाही आहे. पण त्याला 62 वर्षे लागली, आणि तोपर्यंत चार भिंती राखाव्यात असे कोणाला वाटू नये, हे मनाला लागते.

कश्मीरी गेटला गाडी बदलून दिल्ली गेटला आलो. लाल किल्ल्याचे स्टेशन वाटेतच लागते, तिथे उतरलो नाही. बरोबरच्या चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी फिरोजशहा कोटल्याच्या हिरवळीवर बसून खाल्ली. समोर पडक्या इमारतीच्या माथ्यावर सम्राट अशोकाचा स्तंभ उभा. उंची सुमारे 13 मीटर, एकसंध दगड. हा मूळचा आजच्या हरियाणातल्या टोपरा गावचा. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने तो इथे आणवला. सावरीच्या कापसावर निजवला, बोरू आणि कातड्यात गुंडाळला, 42 चाकांच्या गाड्यावर चढवून यमुनेपर्यंत ओढला आणि पुढे होड्यांवरून आणला. त्यावरचा लेख सुलतानाला वाचता येत नव्हता, बोलावलेल्या पंडितांनाही नाही. ती लिपी जेम्स प्रिन्सेपने 1837 साली उलगडली. वाटसरू आणि जनावरांसाठी वड लावले, विहिरी खोदल्या, असे राजा त्यात सांगतो.

पत्नी म्हणाली, "न वाचता येणाऱ्याने एवढं जपलं. बाबासाहेबांचं तर सगळ्यांना वाचता येत होतं."

आम्ही गेलो तो गुरुवार. खालच्या अंधाऱ्या खोल्यांत लोक जिन्नांच्या नावाने दिवे लावत होते, नवसाचे अर्ज ठेवत होते. नोकरी, आजारपण, मुलीचे लग्न. वर धम्मलेख आणि खाली हे अर्ज! हसू आले नाही. दु:खे तीच, आपल्या वस्तीतली.

उन्हे उतरता रिक्षाने इंडिया गेटला गेलो. जवळच 2019 पासून राष्ट्रीय युद्ध स्मारक आहे. तिथे परमवीरांचे 21 अर्धपुतळे आहेत. त्यात मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचा पुतळा शोधून काढला. मुंबईत जन्मलेले, 8 महार बटालियनचे हे अधिकारी 25 नोव्हेंबर 1987 रोजी श्रीलंकेत धारातीर्थी पडले. 1941 साली महार रेजिमेंट उभी राहिली, तेव्हा त्यासाठी बाबासाहेबांनी किती खटपट केली होती, ते पत्नीला सांगितले. शेजारी उभ्या असलेल्या एका कॉलेजच्या मुलानेही ते ऐकून घेतले.

दक्षिण दिल्लीत कैलाश कॉलनीच्या बाजूला अशोकाचा एक शिलालेखही आहे, 1966 साली सापडलेला. तो पाहायचा राहिला. गाडीची वेळ झाली होती. तुम्ही गेलात तर सकाळीच तिकडे जा. अलीपूर रोडला मात्र घाईत जाऊ नका, दोन-तीन तास ठेवा. सोबत लहान मुले असतील, तर इथे आधी घर होते हे त्यांना सांगा.