परत आलेला चेक

दाजींचे भांड्यांचे दुकान. एका गिऱ्हाइकाचा चाळीस हजारांचा चेक 'अपुरी शिल्लक' म्हणून परत आला. मेमो माझ्याच हातून त्यांना मिळाला. (बँकेत नोकरी असली की नात्यातले अपशकुनही आपणच करायचे!)

"दाजी, कलम 138! 30 दिवसांत लेखी नोटीस धाडा, मग त्याला 15 दिवसांची मुदत. 1989 पासून फौजदारी गुन्हा आहे हा."

"अहो, त्यांच्या मुलीचं लग्न तोंडावर आलंय. बरं दिसेल का?"

लग्नात आम्ही सहकुटुंब जेवलो. दाजींनी वर आहेर केला. एकतिसाव्या दिवशी वकिलाकडे गेले.

चेकचे तीन महिने उरकले नव्हते, म्हणून तो पुन्हा भरला. पुन्हा परत! आता नोटीस तयार आहे. वकील पत्ता मागताहेत, आणि पत्रिका रद्दीत गेल्याने दाजींना आठवतो तो फक्त मंगल कार्यालयाचा.