वाढत्या अंगाचे

जूनमध्ये शिवलेला गणवेश जूनमध्येच अंगाला नीट बसला, असं आमच्या पिढीतल्या कुणाला आठवत असेल असं मला वाटत नाही. टेलर टेप घेऊन माप घ्यायला वाकला की आई आधीच बजावायची, "वाढत्या अंगाचं शिवा हं." तो निमूट दोन बोटं जास्त धरायचा, शिवणीत भरपूर माया सोडायचा आणि घेराला खाली रुंद घडी मारायचा. पहिल्या वर्षी स्कर्ट पोटऱ्यांवर लोंबायचा, दुसऱ्या वर्षी बरोबर यायचा. तिसऱ्या वर्षी घडी उसवली की आतला न विटलेला गडद निळा पट्टा बाहेर पडायचा आणि त्यावरून कुणाचा स्कर्ट कितव्या वर्षात आहे ते अख्ख्या वर्गाला कळायचं. त्याची लाज कुणाला वाटत नव्हती, कारण बहुतेकींच्या स्कर्टला तो पट्टा होताच.

ही पिढी म्हणजे ज्यांचे आईवडील गिरगाव, दादर, परळच्या चाळी सोडून साठ-सत्तरच्या दशकांत उपनगरांत आले त्यांची मुलं. बोरिवलीत बाभईच्या बाजूला आम्ही, मुलुंड पूर्वेला मावशी, घाटकोपरच्या पंतनगरात हाऊसिंग बोर्डाच्या इमारतीत काका आणि अंधेरीला डी. एन. नगरात आत्या. घर म्हणजे वन रूम किचन, त्यात एक गोदरेजचं कपाट आणि स्वयंपाकघराच्या दारावर माळा. त्या एका कपाटात पाच माणसांचे रोजचे कपडे, ठेवींच्या पावत्या आणि आईचा लग्नातला शालू एवढं सगळं मावायचं होतं. साहजिकच, आखूड झालेल्या कपड्याला तिथे मुक्काम करता येत नसे. तो हलवावाच लागे, पण टाकायचा मात्र नसे. शर्ट मनगटाच्या वर गेला की घरात एकच प्रश्न निघायचा, "आता हा कुणाला होईल?"

या प्रश्नाचं उत्तर आईच्या डोक्यात तयार असे. मुलुंडच्या मावशीच्या मोठ्याचे कपडे आमच्या दादाला, दादाचे पंतनगरच्या धाकट्याला, माझे फ्रॉक आत्याच्या मुलीला. गणपतीला, हळदीकुंकवाला, बारशाला जाताना बायकांच्या हातात एक कापडी पिशवी जास्तीची असायचीच. मुलुंडहून निघालेली पिशवी दादरला पूल ओलांडून पश्चिम रेल्वेच्या फलाटावर यायची आणि बोरिवली लोकलच्या लेडीज डब्यात मांडीवर बसून घरी पोचायची. घाटकोपर-अंधेरी मेट्रो २०१४ च्या जूनमध्ये सुरू झाली. त्याआधी पंतनगरातून डी. एन. नगरला जायचं तर साकीनाक्याच्या गर्दीतून बसने तासभर हेलकावे खावे लागत, पण फ्रॉक तिथेही वेळेवर, आत्याच्या लेकीच्या वाढदिवसाआधी जाई. कपडा तिसऱ्या अंगावर गेला तरी त्याचं नाव पहिल्याचंच राहायचं. आमच्याकडे एक चौकड्यांचा शर्ट होता, तो शेवटपर्यंत 'मुलुंडच्या दादाचा शर्ट' होता. अल्बममध्ये तीन वेगवेगळ्या दिवाळ्यांच्या फोटोंत तीन वेगवेगळ्या मुलांच्या अंगावर तो आहे, आणि तिसऱ्या फोटोत कॉलर उलटवून शिवलेली दिसते.

मोठ्या माणसांचे कपडे असे फिरत नसत. ते घरातच पुन्हा मापावर आणले जात. आईचा एक जांभळा ब्लाउज मी परवा उलटा करून पाहिला. कडेच्या शिवणीत आत तीन ओळी आहेत. सर्वांत आतली लग्नाच्या वेळची. तिचा दोरा कधीच काढलेला आहे, पण सुईची बारीक छिद्रं कापडात तशीच राहिली आहेत, आणि त्या ओळीच्या आतला जांभळा रंग बाहेरच्यापेक्षा फिका आहे. दुसरी ओळ बोटभर बाहेर. तिचे टाके आईचे नाहीत, हातशिलाईचे आहेत. मावशी बाळंतपणात मदतीला येऊन राहिली होती, तेव्हाचे ते असणार. तिसरी ओळ अगदी कापडाच्या काठाशी, मशीनची टीप, जिच्यापलीकडे सोडायला कापड उरलेलं नाही. तिथे पोचल्यावर आईने काखेत वेगळ्या कापडाची पट्टी घातली. ती पट्टी कशाची, ते मी लगेच ओळखलं. माझ्या पाचवीतल्या परकराची. आईने आपल्या वाढत्या अंगाबद्दल कधी एक शब्द काढला नाही. मशीनवर बसायची आणि एक टीप बाहेर सरकवायची.

कापडही तेव्हा निराळं होतं. सुती कपडा अंगावर विरायचा. पातळ दोन-तीन वर्षांत मऊसूत व्हायचं आणि मगच त्याचं खरं काम सुरू व्हायचं. आमच्या घरांत बारशापर्यंत बाळाला नवं कापड घालत नसत. आजीच्या जुन्या लुगड्याची झबली, दुपटी आणि लंगोट आधीच धुऊन, उन्हात वाळवून, घडी करून ठेवलेले असत. घरातल्या सर्वांत जास्त वर्षं जगलेल्या बाईचं लुगडं त्यासाठी मागून आणत. दोन-चार लुगडी जास्तीची जमली की उन्हाळ्यात गच्चीवर गोधडी अंथरली जायची. कडेने सुरुवात करून चौकोनात फिरत फिरत धावदोऱ्याने मधोमध यायचं, असं चार बायकांचं काम. आतल्या थरांत बनियन, उशांचे अभ्रे, फाटके पंचे जायचे; वरचा थर मात्र निवडून, चांगल्या काठाचा. पँटचे पाय गुडघ्याखाली बरे असतील तर त्यांच्या भाजीच्या पिशव्या व्हायच्या. बेलबॉटमची फॅशन गेल्यावर तर घराघरांत पिशव्यांचा सुकाळ झाला. बटणं कापून डब्यात, चेन उसवून दुसऱ्या पँटला, आणि शेवटी उरलेलं फडकं ओट्यावर. ओट्यावरून ते फरशीवर येई, आणि पोतेरं झाल्यावरच त्याची घरातून सुटका.

मग टेरिलीन, टेरिकॉट, नायलॉन आले. हे कापड विरत नव्हतं. मुलाची उंची वाढायची, बाबांचं पोट सुटायचं, पण पँट दुकानातून आल्यासारखीच. त्याचं दुपटं होत नाही, गोधडीत ते सरकतं, पाणी टिपत नाही म्हणून फडक्यालाही चालत नाही. तेव्हा आमच्या घरांत ज्या बाईचा मान वाढला, ती बोहारीण.

दुपारी दोन-अडीचच्या सुमाराला, पुरुष कामावर आणि मुलं झोपलेली असताना, जिन्यातून तिची हाक यायची. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची टोपली, काखेत कपड्यांचं बोचकं. या बहुतेक गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजाच्या बायका. टोपली उतरवून ती दारात बैठक मारायची आणि शेजारच्या तीन दारांतल्या बायका आमच्या उंबऱ्याशी गोळा व्हायच्या. एकेक कपडा ती उजेडाकडे धरून बघायची, पँटची बैठक दोन्ही हातांनी ताणायची, शर्टची कॉलर उलटवायची, साडी निऱ्यांच्या जागी बोट फिरवून तपासायची. सर्वांत आधी तिथेच साडी विरते, हे तिला आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. "बाई, ही सुती नको. नायलॉनची द्या. आणि एक पँट टाका, मग टोप उचला." आई टोपाच्या बुडाला टिचकी मारून पत्रा पारखायची. "पत्रा पातळ आहे गं. याच्यावर दोन वाट्या दे." अर्धा-पाऊण तास चालायचं हे. सौदा फिसकटला असं वाटायचं, ती टोपली डोक्यावर घ्यायची, दोन पायऱ्या उतरायची आणि परत यायची.

पितळेच्या भांड्यांना कल्हई लावून कंटाळलेल्या त्या स्वयंपाकघरांत स्टील असंच, एकेका पँटच्या बदल्यात, येत गेलं. आईने बोहारणीकडून घेतलेल्या प्रत्येक भांड्यावर नाव घालणाऱ्याकडून नाव आणि तारीख कोरून घेतली. एका गंजावर १९८१ ची दिवाळी आहे. तो बाबांच्या राखाडी सफारीच्या बदल्यात आला, हे आम्हा भावंडांना आजही पाठ आहे, कारण त्या सफारीवरून आईबाबांचं दोन दिवस बोलणं बंद होतं.

ती बाई ते बोचकं घेऊन कुठे जायची, हे आम्ही मुलांनी कधी विचारलं नाही. पुढे कळलं. घरी नेऊन ती कपडे धुवायची, टाके घालायची, बटणं लावायची, इस्त्री फिरवायची आणि पहाटेच्या अंधारात दोन टाकी-कामाठीपुऱ्याकडच्या जुन्या कपड्यांच्या बाजारात मांडून बसायची. तिथून ते हमालांच्या, बिगाऱ्यांच्या, नव्याने शहरात आलेल्या पोरांच्या अंगावर जात. अगदीच न खपणाऱ्या सुती चिंध्या गॅरेजांत आणि छापखान्यांत तेल पुसायला. म्हणजे "हा कुणाला होईल?" या आमच्या आयांच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या नात्यागोत्यात संपलं की पुढचं उत्तर ती शोधत होती. तिला हजारो अनोळखी अंगांची मापं माहीत होती. एवढं कसब असलेल्या बाईला आपल्या मराठी घरांनी कायम उंबऱ्याबाहेर बसवलं, पाणी दिलं तर वेगळ्या पेल्यातून दिलं, हे मला आज फार खुपतं. शहराच्या जुन्या कपड्यांचा हिशेब या बायकांनी पिढ्यान् पिढ्या डोक्यावर वाहिला, त्यांचं नाव मात्र कुठल्या भांड्यावर कोरलं गेलं नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाख कामगार घरी बसले आणि परळ-लालबागचे आमचे नातेवाईक पहिल्यांदा आमच्याकडून कपडे घेऊन गेले. एरवी ते आम्हाला गिरणीच्या दुकानातला वार स्वस्तात आणून देत. त्या वेळी पिशवी उलट्या दिशेने गेली. आईने ती भरताना कपड्यांना नव्याने इस्त्री केली होती आणि वर एक कोरं ब्लाउजपीस ठेवलं होतं, जुन्याची पिशवी जुन्याची वाटू नये म्हणून.

देण्याची अशी तऱ्हा जाणती माणसं मोठ्या संकटातही सोडत नसत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, अनंत चतुर्दशीची मिरवणूक संपून काही तास झाले होते. आमच्या सोसायटीचा मांडव अजून सुटला नव्हता. त्याच मांडवात कपड्यांचा ढीग पडला आणि आईसह चार बायका तो दिवसभर निवडत बसल्या. लातूर-उस्मानाबादच्या खेड्यातल्या बाईला मुंबईच्या मॅक्सीचा काय उपयोग, म्हणून नऊवारी, धोतरं आणि लहान मुलांचे कपडे वेगळे काढले. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा कुर्ल्याच्या तळमजल्यावरचं आमच्या एका चुलतआजीचं कपाटच्या कपाट चिखलात गेलं. ती आमच्याकडे राहायला आली आणि महिनाभर आईच्या त्या मापावर आणलेल्या ब्लाउजांत वावरली. एकही तिला घट्ट झाला नाही.

आता पुनर्विकासाची लाट आहे. बोरिवली, मुलुंड, पंतनगर, सगळीकडे जुन्या इमारती रिकाम्या होताहेत आणि रिकामं करताना सर्वांत शेवटी माळा निघतो. त्यातून जे बाहेर येतं ते बघून घरातली तरुण मुलं भांबावतात. त्यांचा दोष नाही. त्यांचे कपडे मॉलमधून तयार मापात येतात, शिवणीत कापड सोडलेलंच नसतं, आणि चुलत-मावस भावंडं पुण्यात, बंगळुरात, टोरांटोत. पिशवी न्यायची कुणाकडे? मग काळ्या पिशवीत भरून वॉचमनच्या खोलीशी ठेवलं जातं. त्यातलं कुणाच्या अंगावर जातं आणि कचऱ्याच्या गाडीत काय चढतं, हे कुणी पाहत नाही. मुलुंडकरांनी वर्षानुवर्षं डम्पिंग ग्राउंडचा वास सोसला. ते २०१८ साली बंद झालं, तरी कचरा दुसरीकडे जातोच आहे.

म्हणून मला 'गूंज'सारख्या संस्थेचं काम मोलाचं वाटतं. अंशू गुप्ता यांनी १९९९ साली दिल्लीत ती सुरू केली आणि आज मुंबईतूनही तिच्याकडे कपडे जातात. आलेला कपडा निवडायचा, नीट करायचा आणि गावाने विहीर, रस्ता, तळं अशा कामाला हात लावला की त्याच्या मोबदल्यात द्यायचा; सुती कापडाच्या धुऊन-कापून पाळीच्या दिवसांसाठी घड्या करायच्या. आमच्या आयांनी हे वाचलं असतं तर त्यांना यात नवं काही वाटलं नसतं. जुन्या लुगड्याच्या त्या घड्या त्यांच्याही कपाटात खालच्या खणात असत.

सोपं नसतं ते वेगळंच. वाढत्या अंगाचे कपडे सोडून देता येतात, कारण सोडताना मूल मोठं झाल्याचा आनंद असतो. शेवटच्या दोन वर्षांत बाबा आकसत गेले. पट्ट्याला आम्ही खिळा तापवून नवी भोकं पाडली, शर्टचे खांदे दंडावर उतरले. ते गेल्यावर त्यांचे शर्ट आईने एकेक करून वाटले. कुणाला कोणता, ते तिनेच ठरवलं. रोज दूध आणून देणाऱ्याला दोन, लिफ्टवाल्याला एक, पंतनगरच्या काकांना निळा, कारण तो त्यांना आवडायचा. लेंगे फाडून फडकी केली. तेही बाबांना पसंत पडलं असतं.

लग्नातला टेरीवूलचा कोट तेवढा अजून कपाटात आहे. गूंजच्या पिशवीत मी तो एकदा घातला होता, आईने काढून घेतला. "कुणाला होईल ते आधी बघू," म्हणाली. मुलुंडच्या मावसभावाच्या मुलाचं डिसेंबरात लग्न आहे. रविवारी तो येऊन घालून बघणार आहे. खांदे त्याचे रुंद आहेत. बाही आखूड पडली तर कोपऱ्यावरच्या टेलरला आईने विचारून ठेवलं आहे.