पंचवटी आणि माणदेश

पुण्याची वाङ्मयीन यात्रा करू इच्छिणाऱ्याने शनिवारवाड्याबरोबर वाकडेवाडीचीही वाट धरावी. मुंबई रस्त्यालगतची ही वस्ती महाराष्ट्रास ठाऊक झाली ती कै. गजानन दिगंबर माडगूळकर यांच्या ‘पंचवटी’ या घरामुळे.

हा कवी मॅट्रिकच्या परीक्षेत गणितामुळे अडला. (आम्हां मास्तरांनी हे ध्यानी ठेवलेले बरे!) पोटासाठी तो कोल्हापुरास चित्रपटाच्या धंद्यात शिरला आणि १९३८ सालच्या ‘ब्रह्मचारी’त लहानशा भूमिकेत दिसला. पुढे त्याने गीते, संवाद, पटकथा असे सर्वच लिहिले. अशा कवीकडे पंडितमंडळी किंचित् नाक मुरडूनच पाहतात. परंतु त्यांनी एकदा आटपाडीस जाऊन यावे.

पुण्याहून सातारा ओलांडून माणदेशात उतरले, की हिरवळ मागे पडते; उजाड माळ आणि मेंढरांचे कळप तेवढे दिसतात. माडगूळकरांचा जन्म १९१९ साली याच टापूतील शेटफळे गावी झाला. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपुरात औंध संस्थानाने कैद्यांना भिंतीवाचून ठेवून शेती करविण्याचा प्रयोग केला होता. तोच प्रयोग माडगूळकरांच्या लेखणीतून ‘दो आंखें बारह हाथ’ या चित्रपटात आला. व्ही. शांतारामांचा हा १९५७ सालचा चित्रपट पुढे बर्लिनलाही गौरविला गेला. आपल्या रानातले कथाबीज ओळखावयास मॅट्रिक लागत नाही!

पटकथाकारास एक शिस्त पाळावी लागते : प्रसंग कोणता, बोलणारे कोण, अवकाश किती. माझ्या मते गीतरामायणाचे मर्म येथेच आहे. त्यात कवी आपली वाणी पात्रांच्या स्वाधीन करतो; कौसल्या, भरत, शबरी, फार काय शूर्पणखाही आपापल्या तोंडाने गाते. कुश-लवांनी प्रत्यक्ष रामापुढे गावे, ही योजना मात्र वाल्मीकींच्या बालकांडातील चौथ्या सर्गाची. माडगूळकरांनी तिला धक्का लावला नाही, यात त्यांचा विवेक दिसतो.

पुणे आकाशवाणीचे सीताकांत लाड यांच्या सूचनेवरून, सुधीर फडके यांच्या संगीतात, १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीस, पहिले गीत प्रक्षेपित झाले. पुढे दर आठवड्यास नवे गीत. मूळ बेत बावन्न गीतांचा. परंतु शके १८७७ मध्ये भाद्रपद अधिक आला, पुढची रामनवमी लांबली, आणि कवीस आणखी चार गीते लिहावी लागली.