फिट आहे, पण...

सर्टिफिकेटवर एकच ओळ होती: ‘फिट टू रिझ्यूम ड्युटी.’ आजारपणाची रजा संपवून पुण्यातल्या माझ्या कॉलेजात रुजू व्हायला तेवढी पुरली. लेक्चर घ्यायला मात्र नाही!

झालं असं, की दोन महिने आवाज घोगरा होता. खडीसाखर झाली, हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं. शेवटी ईएनटीने सांगितलं, स्वरतंतूंवर गाठी आहेत. कॅन्सरबिन्सर नाही हो! स्वरतंतू एकमेकांवर आपटून आपटून पडलेले घट्टेच म्हणा ना. गायक आणि मास्तर, दोघांचंही हे दुखणं. कुजबुजण्यानेही घशावर ताण येतो, हे तेव्हा कळलं. त्याआधी मी हुशारीने आठवडाभर कुजबुजत होते!

यूजीसीच्या २०१८च्या नियमांत असिस्टंट प्रोफेसरला आठवड्याला १६ तास शिकवायचं असतं. समोर १२० पोरं, डोक्यावर घरघरणारे पंखे. त्यात मी प्रोबेशनवर. ‘घसा बसतो’ म्हटलं तर फाइलीत काय लिहिलं जाईल, या धास्तीने गप्प बसले. (तेवढीच व्हॉइस रेस्ट!) तिसऱ्या दिवशी एफवायच्या वर्गात वाक्य अर्ध्यात असताना आवाज गेला. पोरं हसली. मग एकदम गप्प झाली. ते गप्प होणं जास्त लागलं.

एचओडी सर म्हणाले, ‘मॅडम, एकतर फिट असा, नाहीतर रजा वाढवा.’ त्यांचं तरी काय चुकलं? हातातला कागद तेवढंच सांगत होता.

संध्याकाळी पुन्हा डॉक्टर. ‘मी दिवसभर काय करते, ते तुम्ही विचारलंच नाहीत,’ मी कुरकुरले.

‘तुम्हीही सांगितलं नाहीत. नुसतं सर्टिफिकेट मागितलंत.’

खरंच होतं.

नव्या कागदावर चार ओळी आल्या. कामावर येण्यास हरकत नाही. सहा आठवडे माइकशिवाय शिकवू नये. सलग दोनपेक्षा जास्त लेक्चर नकोत. व्हॉइस थेरपी चालू. सरांनी दोनदा वाचलं आणि टाइमटेबल पुढे ओढलं. दहा मिनिटांत माझा सलग तिसरा तास एका मैत्रिणीकडे गेला आणि तिचे पेपर माझ्या गळ्यात पडले. गळ्यातच, बरं का!

माइक कमरेला लावून फिरताना पहिले दोन दिवस बस कंडक्टर झाल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये एक सीनियर मॅडम जवळ आल्या. चहाचा कप तोंडाशी धरून हळूच म्हणाल्या, ‘कुठे मिळाला गं हा?’

त्यांचाही आवाज घोगरा होता.