कसर

मराठीत ‘कसर’ हा शब्द दोन ठिकाणी नांदतो: कपड्यांच्या पेटीत आणि जमाखर्चाच्या वहीत. पेटीतली कसर म्हणजे उजेड पडताच घडीच्या आत सटकणारा तो बारीक, रुपेरी किडा. वहीतली कसर म्हणजे बेरीज जुळता जुळता कोठेतरी राहून गेलेली उणीव. दोहोंचे कूळ वेगळे असेलही; परंतु डोंगरावरील प्रवचनात पृथ्वीवरच्या संपत्तीला कसर, गंज आणि चोर या तिघांचे भय आहे असे येशूने सांगितल्याचे वाचतो, तेव्हा त्या एका शब्दाचे हे दोन्ही अर्थ माझ्या मनात एकदम जागे होतात; कारण माझे बालपण सोलापुरासारख्या कापडाच्या गावी, एका ख्रिस्ती कारकुनाच्या घरात गेले.

आजोबा एका गिरणीच्या दफ्तरात कारकून होते. दिवसभर दुसऱ्यांच्या लाखांचे आकडे लिहून घरी आले, की दिवा लावून, प्रार्थना करून ते आपली स्वतःची रोजकीर्द उघडीत, आणि दोन आण्यांच्या भाजीचीही नोंद अशा वळणदार अक्षरांत करीत, की जणू ती उद्या कोणा मामलेदारापुढे तपासणीस जायची आहे. आजीचे राज्य लोखंडी ट्रंकेवर. त्या ट्रंकेत वेखंडाच्या कांड्या आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला यांच्या पहाऱ्यात एक चादरींचा जोड होता. शहराच्या पूर्व भागातल्या एका पद्मशाली विणकराने जेकार्डच्या मागावर विणलेला, तांबड्या जमिनीवर मोरांची नक्षी उमटलेला तो जोड कोणत्यातरी मोठ्या प्रसंगासाठी म्हणून जपलेला होता. आणि तो प्रसंग दरवर्षी पुढच्या वर्षावर जात असे.

कसरीचे राज्य असे पेटीत चालते. गंजाचे मात्र आमच्या शहराने उघड्यावर पाहिले आहे. १८७७ साली जिची चाके फिरू लागली, ती सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल गावाच्या तोंडी ‘जुनी मिल’ झाली. तिच्या भोंग्यावर कित्येक घरांच्या चुली पेटत, कित्येक मुलांची लग्ने ठरत, आणि तिच्या चिमणीतून निघणाऱ्या धुराकडे पाहून माणसे आपल्या भविष्याविषयी निर्धास्त होत. ती १९४९ साली थांबली. १९५० च्या जानेवारीत सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला. भागधारकांची फिर्याद दिल्लीला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचली. आणि पुढे एके दिवशी तो भोंगा कायमचा मुका झाला. ज्या हातांनी तेथे प्रामाणिकपणे सूत कातले, त्या हातांची निंदा ख्रिस्ताने केली नसती, कारण तो स्वतः सुताराच्या घरी, रंध्याच्या आणि करवतीच्या आवाजात वाढला होता. लोखंड गंजते हा लोखंडाचा धर्मच आहे. आपण त्यावर आपल्या जिवाचा सगळा भार ठेवतो, ही चूक आपली आहे.

राहिला चोर. चोराच्या भयाने मनुष्य काय करतो, त्याचीही साक्ष सोलापुरात आहे. १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. त्यांच्यासाठी येथे तारेचे कुंपण घातलेली वसाहत उभी राहिली. तीतल्या माणसांनी गिरण्यांत राबावे आणि हजेरीच्या वेळी पुन्हा कुंपणात उभे राहावे, असा दंडक होता. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण वसाहतीचे ‘सेटलमेंट’ हे नाव आजही गावाच्या जिभेवर आहे. मला वाटते, धनाचे भय धनाहून अधिक महाग पडते. ते आपल्या घरातली वस्तू वाचविते आणि आपला शेजारी हिरावून नेते. आणि ज्याच्या नावाने आपण उपासना करतो, त्याने तर क्रूसावर टांगलेल्या अवस्थेत, शेजारच्या क्रूसावरच्या एका अपराध्याला ‘आज तू माझ्यासोबत नंदनवनात असशील’ असा शब्द दिला. स्वर्गाच्या खजिन्याची किल्ली ज्याला मरणाच्या घटकेला मिळाली, तो शास्त्री नव्हता, सावकार नव्हता. जगाने ज्याला चोरांत जमा धरले होते तो होता.

कायदा जाऊन चारदोन वर्षे झाली असतील. नाताळच्या रात्री उपासनेहून परतताना आमच्या ओट्याच्या कोपऱ्यात एक म्हातारा गुडघे पोटाशी घेऊन कुडकुडत बसलेला दिसला. तो सेटलमेंटमधला आहे हे कोणी कुजबुजले, आणि शेजारच्या दारांच्या कड्या एकामागून एक लागल्या. आजीने मात्र आमचे दार सताड उघडले, ट्रंक उघडली, आणि हाताशी जुनी गोधडी असताना तिने त्या जोडातली एक चादर काढून त्याच्या खांद्यांभोवती स्वतः लपेटली. त्याने काय करावे हे न सुचून, आमच्या लोकांच्या रीतीने, हात कपाळाला लावून ‘सलाम’ म्हटले, आणि तो तांबडे मोर पांघरून अंधारात निघून गेला.

त्या रात्री आजोबांनी रोजकीर्द उघडली तेव्हा मी त्यांच्या शेजारी होतो. त्यांनी लिहिले: चादर, नग १. पण लिहिले ते जमेच्या बाजूला.

“आजोबा, तुमचं चुकलं. ही खर्चात लिहायची.”

त्यांनी टाक पुसून ठेवला. “बाळ, चाळीस वर्षं हिशेब लिहितोय,” ते म्हणाले, “ही कुठं लिहायची, ते मला ठाऊक आहे.”

आमच्या जिल्ह्याला हे हिशेबशास्त्र नवे नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाचे धान्यकोठार भुकेल्यांसाठी उघडले, आणि त्या धान्याची किंमत विठू महाराच्या रूपाने प्रत्यक्ष विठ्ठलाने बेदरच्या दरबारात भरून रसीद घेतली, ही कथा येथल्या प्रत्येक घराने ऐकलेली आहे. ख्रिस्ती म्हणून मी ती ऐकतो तेव्हा मला तीतली रसीद अधिक मोहविते: भुकेल्याच्या मुखी गेलेले धान्य देवाच्या खात्यावर पडते, ही श्रद्धा या मातीत आधीपासूनच रुजलेली होती. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणणाऱ्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला, तेव्हा त्यांनीही आपला हिशेब एका दफ्तरातून काढून दुसऱ्या दफ्तरात नेला, एवढेच.

आणि शुभवर्तमानातला तो श्रीमंत तरुण! बाळपणापासून सगळ्या आज्ञा पाळलेला, येशूपुढे गुडघे टेकून सार्वकालिक जीवनाची वाट विचारणारा. येशूने त्याच्याकडे प्रीतीने पाहिले आणि त्याच्या भरलेल्या खात्यात एकच कसर दाखविली: विकून टाक, गरिबांना दे, आणि ये. ती कसर भरून काढायची तर खाते रिकामे करावे लागणार होते. तरुण खिन्न होऊन गेला. त्याच्या धनाचे पुढे काय झाले ते शुभवर्तमान सांगत नाही. सांगण्याची गरजही नाही, कारण पेट्यांचे काय होते ते आपल्याला ठाऊक आहे.

आजी गेल्यावर आम्ही ती ट्रंक उघडली. वेखंडाचा वास केव्हाच उडून गेला होता, आणि मोठ्या प्रसंगासाठी राखलेली ती दुसरी चादर घडीघडीवर जाळी होऊन, उचलताच हातात उतरली. मोरांचे गळे तेवढे ओळखू येत होते. तळाशी आजोबांच्या रोजकीर्दी होत्या. मी ते नाताळचे पान शोधले. पण त्या वर्षाच्या वहीचा अर्धा भाग कसरीने खाल्ला होता, आणि ती नोंद आता कोणत्याही कागदावर नाही. मी वही मिटली. त्या जोडातली एक चादर मात्र मला अजून जशीच्या तशी दिसते, एका थंडीने वाकलेल्या पाठीवर, दाराबाहेरच्या अंधारात जाताना. आणि दर नाताळला, थंडी पडली की, मी आपल्या पेटीतली सर्वांत चांगली घडी आधी मोडतो.