मापाची वही

गंगावेशीच्या अंगाला आमचं शिलाईचं दुकान. वडील म्हणायचे, गिऱ्हाईक पायरी चढताना बघ, निम्मं माप तिथंच मिळतं. मला ते पटायला एक शर्ट फाटावा लागला.

तालमीतला पोरगा होता. छाती ४२ म्हणून मी ठरल्या हिशेबाने कॉलर १६ची धरली, मुंढाही तसाच कापला. ट्रायलला आला तर गळ्याचं बटण लागेना. तेवढ्यात दारातून त्याचे वस्ताद गेले. हा पाया पडायला वाकला आणि शर्ट दोन्ही खांद्यांच्या मधोमध टर्रकन उसवला. मान मोजली तर १८! पहाटे शेकड्यांनी जोर मारायचे, खोऱ्याने माती उकरायची, वर कुस्तीत समोरचा सगळं वजन मानेवर टाकून खाली दाबतो आणि याने ती ताठ ठेवायची. जिथं रोज झटायचं तिथंच अंग भरणार. तेव्हापासून पैलवानाला मी आधी हात वर करायला लावतो, पाठीची रुंदी नंतर घेतो.

गुळाच्या अड्ड्यातले हमालही आमच्याकडे येत. ३०-३० किलोचे रवे दिवसभर वाहणारी माणसं, म्हणजे ती पैलवानांसारखीच भरलेली असणार, असं मला वाटे. पण छाती ३६, कंबर २८. पोटऱ्या आणि हात मात्र पीळ घातलेल्या सुंभासारखे. एकदा त्यातल्या एकाने आमची जड इस्त्री, आत निखारे असताना, एका हाताने उचलून बाजूला ठेवली आणि बोलणं मध्ये तोडलंही नाही. तालमीतल्या पोराला दूध, तूप, बदामाची थंडाई आणि दुपारची झोप असते. हमालाला भाकरी आणि पुढची खेप. नुसत्या ओझ्याने अंग फुगत नाही, ते चिवट होतं.

पलीकडच्या बोळातल्या लोहाराचा उजवा हात कोपराखाली डाव्याहून पाऊण इंच जाड होता. त्याच्या दोन बाह्या मी कधी सारख्या कापल्या नाहीत. आताची जिमची पोरं शर्ट छातीत, दंडात घट्ट करून मागतात. पॅन्टीला मात्र मांडीत कापड उरतं. बैठका कुणाला हव्या असतात!

कुस्ती सोडलेले पैलवान ही आमची खरी डोकेदुखी. लोक म्हणतात, त्यांच्या स्नायूंची चरबी होते. तसं काही होत नाही. मेहनत थांबली की मांडी, दंड उतरतात. खुराक तोच राहिला की पोट सुटतं. वहीत मी दोन्ही आकडे बघितलेत: दोन वर्षांत कंबर ५ इंच पुढे, मांडी २ इंच मागे.

आता माझंच सांगतो. पोटरीचं माप आम्ही चुडीदारापुरतंच घेतो. १९९६ साली माझ्या लग्नाचा चुडीदार वडिलांनी शिवला, तेव्हा पोटरी १५ इंच होती. पंधराव्या वर्षापासून पायमशीन मारत होतो ना. पुढे मशिनीला मोटर बसवली. गेल्या वर्षी मुलीच्या लग्नासाठी पुन्हा चुडीदार शिवायला घेतला. वय झालं हेही खरं, पण माप आलं साडेतेरा. वहीत लिहून ठेवलंय.