पडद्याची अक्षरओळख

सिनेमा ही आमच्या घरात कधी अभ्यासाची गोष्ट नव्हती. आजोबांच्या लेखी ती जत्रेतल्या तंबूत पाहायची चैन, तर वडिलांच्या लेखी रिकामटेकड्यांचा उद्योग. घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. मागच्या वर्षी मराठीच्या तासाला सरांनी विचारले, "सिनेमा पाहताना रडू कशाने येते?" वर्गातून उत्तर आले, "गोष्टीने." सर म्हणाले, "गोष्ट तर वर्तमानपत्रातही असते. तिथे का येत नाही?" तास संपला, पण प्रश्नाने माझी पाठ सोडली नाही. तेव्हापासून मी सिनेमा थोडा वेगळ्या डोळ्यांनी पाहू लागले. त्यातून जे हाती लागले ते इथे मांडते आहे.

पडद्यावरचे चित्र आपोआप पडत नाही, ते कोणीतरी पाडलेले असते. ही गोष्ट दादासाहेब फाळक्यांनी फार लवकर ओळखली. 'राजा हरिश्चंद्र' 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. पण त्याच्याही आधी त्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरून त्याचे दिवसेंदिवस थोडे थोडे चित्रण केले होते. पडद्यावर ते रोप बघता बघता वर आले. आपल्या शेतात रोप रोज वाढते, पण वाढताना कधी कोणाला दिसले आहे का? फाळक्यांनी काळाची घडी घातली आणि जे डोळ्याला दिसत नव्हते ते दाखवले. रोप खरे, वाढ खरी, फक्त वेळ माणसाने बदललेला.

काळासारखीच चित्रांची जोडणीही माणसाच्या हातात असते. रशियात 1920 च्या सुमारास कुलेशोव्ह नावाच्या दिग्दर्शकाने एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला. तो एकदा रश्श्याच्या वाडग्याशेजारी जोडला, एकदा शवपेटीशेजारी, एकदा एका स्त्रीच्या चित्राशेजारी. पाहणाऱ्यांना तोच चेहरा एकदा भुकेला वाटला, एकदा दुःखी आणि एकदा आसक्त. नटाने काहीच केले नव्हते, जे केले ते शेजाऱ्याने. हे मी आईला सांगितले. आमची आई फुले तोडायला जाते आणि घरी हार गुंफते. ती म्हणाली, "त्येच्यात काय नवल? शेवंती पानाशेजारी वेगळी दिसते, गुलाबाशेजारी वेगळी." पुस्तकात जे वाचायला मला दोन दिवस लागले, ते तिच्या बोटांना आधीपासून ठाऊक होते.

आवाजाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. 'सैराट' 2016 साली आला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. मामाने नांदेडला नेऊन दाखवला. 'झिंगाट'ला लोक खुर्च्या सोडून नाचत होते. अजय-अतुल यांनी या चित्रपटाच्या संगीतासाठी थेट अमेरिकेत, लॉस एंजेलिसला, मोठा वाद्यवृंद घेऊन ध्वनिमुद्रण केले होते, हे मला पुढे कळले. एवढे संगीत कानांत भरून घेतलेल्या प्रेक्षकाला शेवटी दिग्दर्शक नागराज मंजुळे काय देतात? काहीच नाही. आर्ची-परशाचा खून ते दाखवत नाहीत. शेजारणीकडून लहान मूल घरी परतते, आईबापांना पाहते, रक्तात पाय भरवून बाहेर निघते, आणि पडद्याला आवाजच नसतो. थिएटरात कोणी खोकलेसुद्धा नाही. परतीच्या गाडीत मुदखेड येईपर्यंत मामा एक शब्द बोलला नाही. त्या वयात मला वाटले, गोष्ट वाईट होती म्हणून सगळे गप्प झाले. आता वाटते, आधी संगीताची सवय लावून मग ते काढून घेतल्यामुळे आपण त्या मुलाबरोबर एकटे पडलो.

ही युक्ती आजची नाही. व्ही. शांताराम यांच्या 1937 च्या 'कुंकू'मध्ये पार्श्वसंगीत मुळीच नाही. प्रसंगात जे वाजते, हलते, आपटते, तेवढाच आवाज. म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात फसवून बांधलेली नीरा, म्हणजे शांता आपटे, ते लग्न मानायचे नाकारते आणि तिच्या बाजूने एकही वाद्य रडत नाही. मी तो मोबाइलवर पाहत असताना आई शेजारी हार गुंफत होती. म्हणाली, "ह्येच्यात बाजा कामून वाजंना?" थोड्या वेळाने तिचे हात थांबले. नीरेची कीव करा असे सांगणारे कोणी नव्हते. त्यामुळे तिचे म्हणणे ऐकण्यावाचून गत्यंतर नव्हते.

कीव आणि म्हणणे यांतला हा फरक आमच्या घराला पुढे फार जवळून कळला. एका पावसाळ्यात अतिवृष्टीने काकड्याच्या बागेत गुडघाभर पाणी साचले. कोणीतरी कॅमेरा घेऊन आले आणि बांधावर उभे राहून आईशी बोलले. आईने त्यांना दोन प्रश्न विचारले. पंचनामा कधी होणार, आणि ज्याच्या नावावर बाग नाही त्या मजुराच्या बुडालेल्या रोजाचे काय? दुसऱ्या दिवशी ती चित्रफीत सगळ्यांच्या मोबाइलवर आली. तिच्यात आईचा एकही प्रश्न नव्हता. तोंडावरचे पावसाचे पाणी तिने पदराने पुसले होते, तेवढेच संथ करून घेतले होते आणि मागे बासरी लावली होती. कॅमेरा बांधावर उंच, आई खाली चिखलात. बघणारे हळहळले. आईने ती दोनदा पाहिली आणि म्हणाली, "मी रडले कवा? मी तर इचारायलते."

त्या चित्रफितीत खोटे एकही चित्र नव्हते. पाणी खरे, चिखल खरा, पदरही खरा. पण वेळ संथ केला, शेजार बदलला, आवाज काढून घेतला आणि वरून पाहिले. या चार गोष्टींनी प्रश्न विचारणारी बाई रडणारी बाई होऊन बसली. फाळके आणि कुलेशोव्ह यांचीच ही हत्यारे, फक्त धरणारा हात वेगळा.

म्हणूनच मला 'फँड्री' एवढा मोलाचा वाटतो. 2013 च्या मंजुळ्यांच्या या चित्रपटाचे नावच कैकाडी बोलीतले, अर्थ डुक्कर. जब्याचे घर गावातली डुकरे धरण्याच्या कामाला जुंपलेले. डुक्कर हाती येणार एवढ्यात शाळेतून राष्ट्रगीत सुरू होते आणि सगळे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते. डुकराला कुठले राष्ट्रगीत? आपल्याला हसू येते आणि तिथेच घशात अडकते. पुढे धरलेले डुक्कर बांबूला टांगून नेताना मागच्या भिंतीवर महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांची चित्रे दिसतात. कोणी भाषण करत नाही, फक्त कॅमेरा कुठे ठेवायचा हे ठरवलेले असते. आणि शेवटी चिडवणाऱ्यांवर जब्या जो दगड भिरकावतो, तो सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे येतो. तोवर आपण जब्याच्या बाजूने होतो, निदान तसे समजत होतो. एका दगडाने दिग्दर्शक आपल्याला मजा बघणाऱ्यांच्या रांगेत नेऊन उभे करतो.

इथे जब्याची कीव करायला जागाच उरत नाही, कारण तो आपल्याकडे बघत असतो. आमच्यासारख्या घरांतली माणसे पडद्यावर क्वचित येतात, आणि आली की बहुधा बांधावरून पाहिलेली असतात. कॅमेरा कोणत्या उंचीवर ठेवायचा हा कारागिरीचा प्रश्न आहे असे कोणी म्हणेल. माझ्या मते तो माणुसकीचाही आहे.

माझ्या मैत्रिणी म्हणतात, "तू सिनेमाची चिरफाड करतेस, मग मजा काय उरते?" त्यांना मी फाळक्यांच्या 1919 च्या 'कालिया मर्दन'चे उदाहरण देते. त्याच्या सुरुवातीला कृष्ण झालेली त्यांची मुलगी मंदाकिनी स्वतःच्याच रूपात दिसते. तिच्या चेहऱ्यावर नाना भाव उमटतात आणि मग तिचे कृष्णाच्या वेषात रूपांतर होते. ही आमच्या घरची मुलगी आहे, नाटक करते आहे, असे आधीच सांगून टाकले तरी पुढचा खेळ रंगतोच. हार कसा गुंफला हे ठाऊक असणाऱ्याला त्याचा वास कमी येत नाही. उलट कोमेजलेले फूल आत दडपले असेल तर ते त्याला चटकन दिसते.

आजोबांना अक्षर येत नव्हते. दुसऱ्याने लिहिलेल्या कागदावर ते अंगठा उठवत आणि आत काय लिहिले आहे ते घरी येईपर्यंत कळत नसे. ते दुःख संपावे म्हणून आम्हाला शाळेत घातले. आज अक्षरापेक्षा जास्त चित्रे आपल्यापुढे येतात. दिवसभर आपण ती मोबाइलवर अंगठ्यानेच सरकवतो आणि जे दाखवले ते खरे मानतो. मित्रहो, हादेखील एक अंगठाच आहे. चित्र पुढे आले की चार गोष्टी विचारू या. वेळ कोणी बदलला? शेजारी काय ठेवले? आवाज कोणाचा काढून घेतला? आणि कॅमेरा कुठे उभा आहे, बांधावर की चिखलात?